आधी मोजा, मग बदला : नव्या स्टिरिओनंतरचे विजेचे बिघाड

गाडीत टचस्क्रीन स्टिरिओ, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि डिकीत सबवूफर बसवून घेतला की पहिले काही दिवस मजेत जातात. मग एखाद्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतीच टक्-टक् ऐकू येते. कुणाच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी वाजू लागते, तर कुणाच्या गाडीत रात्री बेसचा ठोका पडला की हेडलाइट मंदावतात. अशा वेळी बहुतेक जण नवी बॅटरी घेतात, नाही तर दुकानदाराकडे स्टिरिओ बदलून मागतात. पैसे हजारांत जातात आणि पुष्कळदा बिघाड जागच्या जागीच राहतो. महागड्या यंत्रात दोष क्वचित असतो. तो लपलेला असतो काही फूट वायरमध्ये, एखाद्या ढिल्या जोडात, नाही तर खालचा रंग न खरवडता कसलेल्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये. तो शोधायला फार मोठे ज्ञान लागत नाही. मोजण्याची सवय आणि थोडा धीर मात्र लागतो.

मोजायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो काहीशे रुपयांत मिळतो. घेताना त्यावर १० अँपिअर डीसी मोजण्याची सोय आहे ना, एवढे पाहून घ्या. जुने वायरमन वापरतात तो बल्बचा टेस्ट लॅम्प आजच्या गाड्यांत नको. तो बऱ्यापैकी करंट ओढतो आणि एअरबॅग किंवा संगणकाच्या वायरला चुकून लागला तर नुकसान करतो.

पहिले मोजमाप बॅटरीवरच घ्या. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला पाहिजे. १२.२ म्हणजे बॅटरी साधारण निम्मी उतरली, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता गाडी सुरू करा. बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.४ वर जातो. तो गेलाच नाही तर बिघाड चार्जिंगचा आहे, स्टिरिओला दोष देऊ नका. मात्र स्मार्ट हायब्रिड आणि नव्या काही गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे मधूनच कमी आकडा दिसला म्हणून अल्टरनेटर खराब ठरवू नये. हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा पाहावे.

कोणतीही वायर हलवण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढा आणि काम संपल्यावर ते सगळ्यात शेवटी लावा. पॉझिटिव्ह टोकाचा नट सोडवताना पाना गाडीच्या बॉडीला टेकला तरी अपघात होत नाही, तो याच क्रमामुळे. स्टिअरिंग आणि डॅशबोर्डच्या आतले पिवळे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका आणि त्यांच्यावर मीटरची टोकेही टेकवू नका.

बॅटरी रात्रीतून उतरते

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे आणि सगळ्यात जास्त नव्या बॅटऱ्या हिच्यापायी विकल्या जातात. म्हणून हिच्यावर थोडे थांबू या.

बाजारातल्या स्टिरिओच्या मागून येणाऱ्या पिवळ्या वायरला कायम १२ व्होल्ट मिळायला हवेत. घड्याळ आणि साठवलेली स्टेशने तिच्यावर टिकतात, आणि आवाजासाठीचा मोठा करंटही तिच्यातूनच येतो. लाल वायरला चावी फिरवल्यावरच वीज मिळायला हवी. ती स्टिरिओला चालू-बंद व्हायला सांगते. काळी अर्थिंगची. निळी-पांढरी वायर ॲम्प्लिफायरला जागे करते. काही गाड्यांच्या मूळ कपलरमध्ये पिवळ्या-लाल वायरच्या जागा उलट्या असतात. फिटरने रंग पाहून रंगाला रंग जोडला तर दर वेळी चावी काढल्यावर स्टिरिओ सगळे विसरतो. ते टाळायला काही जण लाल आणि पिवळी एकत्र करून कायमच्या विजेवर टाकतात. स्टिरिओ मग काही विसरत नाही, पण पूर्ण झोपतही नाही. तुमच्या गाडीत चावी काढल्यावरही स्टिरिओ बटण दाबताच चालू होत असेल तर हीच शक्यता आधी तपासा. तसेच निळी-पांढरी वायर स्टिरिओला न जोडता थेट बॅटरीच्या विजेवर जोडलेली असेल तर ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. गाडी बंद करून अर्ध्या तासाने ॲम्प्लिफायरवर हात ठेवा. तो कोमट लागला किंवा त्याचा दिवा पेटलेला असला तर कारण सापडले.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर गळती मोजायची. गाडी बंद, चावी खिशात, दारे लावलेली, बॉनेट उघडे. चावी रिमोटची असेल तर ती गाडीपासून लांब ठेवा, नाही तर गाडी जागीच राहते. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर तिच्या आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाच्या मध्ये जोडा, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाईल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण केबल काढून लावली की गाडीचे संगणक जागे होतात. वीस मिनिटे ते अर्धा तास थांबा. काही नव्या गाड्यांना झोपायला याहूनही वेळ लागतो. आकडा स्थिरावल्यावर तो ०.०५ अँपिअर म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. जास्त असेल तर आधी स्टिरिओचा, मग ॲम्प्लिफायरचा आणि त्यानंतर गाडीचे एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, गळती त्याच वाटेवर आहे.

इथे दोन धोके आहेत. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. सेल्फचा करंट शंभर अँपिअरच्या वर जातो आणि मीटर जागीच जळतो. दुसरे, काम झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० अँपिअरच्या भोकात विसरून पुढच्या वेळी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्टसर्किट असतो.

गळतीचा हिशेब एकदा मांडून बघा. लहान हॅचबॅकमध्ये ३५ अँपिअर-तासाची बॅटरी सर्रास असते. अर्धा अँपिअर गळती म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. शनिवारी सकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होणार नाही, बॅटरी कितीही नवी असो. हीच गळती ०.०३ अँपिअर असेल तर गाडी दोन-तीन आठवडे निवांत उभी राहू शकते. अँड्रॉइड स्टिरिओंची एक गंमत ध्यानात ठेवा : चावी फिरवताच स्क्रीन लगेच उजळावी म्हणून त्यांतले बरेचसे पूर्ण बंद न होता नुसते पेंगत राहतात. सेटिंगमध्ये ती वेळ कमी करता येते किंवा पूर्ण बंद करता येते. गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघत असेल तर ती बंदच ठेवावी, स्क्रीन उजळायला थोडा वेळ लागला तरी चालेल.

गणपतीत कोकणात गेल्यावर अंगणात गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी वाजवली तर बॅटरी उतरणारच. त्यात बिघाड शोधू नये. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे ऐकावे. त्यांच्या गाडीतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत असेल तर तो अल्टरनेटरकडून येतो, हे जवळजवळ निश्चित. पण त्याचा अर्थ अल्टरनेटर खराब आहे असा नाही. अल्टरनेटरच्या विजेत थोडी थरथर असतेच. स्टिरिओची अर्थिंग एका जागी आणि ॲम्प्लिफायरची दुसऱ्या जागी असेल, आणि त्यांतली एक कच्ची असेल, तर दोन्ही जागांच्या व्होल्टमध्ये बारीकसा फरक पडतो. दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलमधून तो फरक सिग्नलमध्ये शिरतो आणि स्पीकर त्याची शिट्टी करून दाखवतो.

दोष कोणत्या टप्प्यात आहे ते असे शोधा. आवाज कमी ठेवून इंजिन चालू करा, मग ॲम्प्लिफायर बंद करून त्यातून आरसीए पिना काढा आणि पुन्हा चालू करा. ॲम्प्लिफायर चालू असताना पिना जोडू किंवा काढू नका. मोठा धक्का बसून स्पीकर फाटू शकतो आणि काही स्टिरिओंमधला आतला नाजूक फ्यूजही उडतो, ज्यामुळे शिट्टी कायमची मागे लागते. पिना काढल्यावरही शिट्टी आली तर दोष ॲम्प्लिफायर, त्याची वीज आणि अर्थिंग यांत आहे. शांतता झाली तर दोष त्याच्या मागे. मग मोबाइल एका साध्या केबलने थेट ॲम्प्लिफायरला जोडून गाणे लावा, मोबाइल चार्जिंगला न लावता. आता स्वच्छ वाजले तर स्टिरिओ किंवा आरसीए केबल संशयित. आणि मोबाइल चार्जरला लावताच शिट्टी परत आली, तर तुमचा गुन्हेगार तो स्वस्तातला चार्जर आहे. असे फार वेळा निघते.

बहुतेक शिट्ट्या अर्थिंग नीट केल्यावर जातात. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर पॉझिटिव्ह वायरइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत हवी. जिथे ती कसायची तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा. वायरला नुसता पीळ देऊन नव्हे, तर दाबून बसवलेला लग लावून, खाली दातेरी वॉशर घालून बोल्ट कसायचा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारायचा. आपल्याकडचा पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा उघड्या पत्र्याला एका मोसमात गंजवते. उन्हाळ्यात ठणठणीत असलेली अर्थिंग श्रावणात शिट्टी द्यायला लागते ती याचमुळे. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगसाठी कधीही वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे आणि त्याचा ताण ठरावीक असतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असलेल्या गाड्यांत ॲम्प्लिफायरची वायर थेट त्या टोकाला न नेता बॉडीला द्यावी, नाही तर सेन्सरला तो करंट दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

अर्थिंग पक्की आहे की नाही, हे मीटर सांगतो. व्होल्टवर ठेवून एक टोक ॲम्प्लिफायरच्या निगेटिव्हला, दुसरे लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि मोठ्या आवाजात गाणे वाजवा. आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगली. यासाठी ओहमचे मोजमाप फारसे कामाचे नाही, कारण करंट वाहत नसताना कच्चा जोडही चांगलाच दिसतो.

आरसीए केबल आणि बॅटरीची जाड वायर गाडीच्या एकाच बाजूने, एकमेकींना चिकटून नेलेली असेल तर एक उजवीकडून आणि दुसरी डावीकडून न्या. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. ॲम्प्लिफायरचा गेन पूर्ण फिरवून ठेवलेला असतो, तेही पाहा. गेन म्हणजे आवाज वाढवायचे बटण नाही. तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायचा असतो, आणि तो जितका जास्त तितकी शिट्टीही मोठी. हे सगळे करूनही काही उरले तर दुकानात मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावता येतो. पण माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे. स्वस्तातले आयसोलेटर बेसही खातात, आणि तुम्ही पैसे बेससाठीच मोजलेले असतात.

अल्टरनेटरच खराब असल्याचा संशय आला तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर आतला डायोड गेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गाडी वायरमनकडे न्यावी.

फक्त एफएमलाच खरखर येत असेल तर वाट वेगळी. पुष्कळ गाड्यांच्या अँटेनात छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि नव्या स्टिरिओबरोबर त्याची निळी वायर जोडायची राहून जाते. तीही जोडलेली असेल तर डॅशकॅम, चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहा.

बेसबरोबर मंदावणारे दिवे

हा प्रश्न सरळ हिशेबाचा आहे. खरोखर ५०० वॉट देणारा डी वर्गाचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात साधारण ४५ अँपिअर ओढतो. जुन्या एबी वर्गाचा असेल तर ६५ च्या पुढे. लहान गाडीच्या अल्टरनेटरचा आकडा बहुधा तीन अंकी नसतो, आणि त्यातूनच एसी, हेडलाइट, पंखे सगळे चालायचे असते. खोक्यावर छापलेले हजार-दीड हजार वॉट मनावर घेऊ नका, आरएमएस असे लिहिलेला आकडा पाहा. नुसत्या स्टिरिओवर ‘५० × ४’ लिहिलेले असले तरी प्रत्येक स्पीकरला सलग मिळतात ते साधारण १५ ते २० वॉट.

मोठ्या आवाजात बॅटरीवर आणि ॲम्प्लिफायरवर व्होल्ट एकापाठोपाठ मोजा. बॅटरीवर १४ आणि ॲम्प्लिफायरवर १२.८ दिसले तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा. बाजारातल्या स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. वायर सोलून ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. तिच्या जाडीवर विश्वास ठेवू नका. शुद्ध तांब्याची घ्या. दोन्हीकडे आकडा सारखाच घसरत असेल तर बॅटरी किंवा अल्टरनेटर कमी पडतो आहे, आणि इथे दुकानदार मोठा चकचकीत कपॅसिटर सुचवेल. कपॅसिटर क्षणभराची मागणी भागवतो, पण त्याला परत भरायचे कामही त्याच अल्टरनेटरचे असते. त्यापेक्षा बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी या तीन केबल जाड केल्याने जास्त फरक पडतो.

उडणारा फ्यूज

फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करत असतो. त्याजागी मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे म्हणजे वायरला जळायची परवानगी देणे. गाड्यांना आगी अशाच लागतात. बॅटरीपासून मागे जाणाऱ्या जाड वायरवरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. ॲम्प्लिफायरच्या अंगावरचा फ्यूज मधल्या सगळ्या वायरला वाचवत नाही. आजच बॉनेट उघडून तो आहे का पाहा. नसेल तर बसवेपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढून ठेवा. जिथे वायर पत्र्याच्या भोकातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाही तर पत्र्याची धार महिन्या-दोन महिन्यांत इन्सुलेशन कापते. डिकीत सीएनजीचे सिलिंडर असेल तर ॲम्प्लिफायर आणि वायरचे जोड त्याच्यापासून आणि त्याच्या नळीपासून दूर ठेवा. फ्लोअरमध्ये स्क्रू मारण्यापूर्वी खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचे पाइप नाहीत ना, हे गाडीखाली वाकून पाहा.

स्टिरिओ बसवल्यावर टेललॅम्पचा फ्यूज उडू लागला तर नारंगी वायर पाहा. ती गाडीच्या पार्किंग दिव्यांच्या विजेवर असते आणि चुकून अर्थला जोडली गेली तर फ्यूज उडवते. मागचे दिवे बंद आहेत हे चालकाला आतून कळत नाही, म्हणून बसवून झाल्यावर एक फेरी मारून सगळे दिवे डोळ्यांनी पाहावेत.

ॲम्प्लिफायरचा लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा लागत असेल तर सगळ्या स्पीकरच्या वायर काढून तो चालू करा. दिवा गेला तर एकेक वायर परत जोडत जा. जिला जोडताच दिवा लागतो, ती दारात कुठेतरी चेपली आहे, बॉडीला टेकली आहे, किंवा त्या चॅनेलवर स्पीकर झेपेल त्यापेक्षा जास्त लावले आहेत. स्पीकरची निगेटिव्ह वायर ‘तीही अर्थच की’ म्हणून बॉडीला कधीही जोडू नका. आजच्या स्टिरिओंचा आउटपुट त्याने कायमचा जातो. सगळे ठीक असून महिन्यांनंतर अचानक बिघाड झाला तर कार्पेटखाली उंदराने कुरतडलेली वायर शोधा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे नेहमीचे आहे.

एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा लागला, वायर हाताला गरम लागली, जळका वास आला, किंवा हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीत जाड नारंगी केबल समोर आली, की घरचे काम थांबवा. दुकानात जाताना मात्र रिकाम्या हाती जाऊ नका. बंद असताना किती व्होल्ट, चालू असताना किती, गळती किती, कोणता फ्यूज काढल्यावर ती थांबली, आवाज इंजिनबरोबर बदलतो की नाही, हे कागदावर लिहून न्या. चांगला वायरमन या पाच नोंदींवरून अर्धे काम उरकतो, आणि अंदाजाने बॅटरी विकणाऱ्याची पंचाईत होते. नवे काम करून घेताना मूळ वायरिंग न कापता तुमच्या गाडीच्या मॉडेलचाच कपलर लावायला सांगा. वॉरंटीच्या वादात कापलेली वायर तुमच्याविरुद्ध जाते. आणि पैसे देण्यापूर्वी फिटरकडून प्रत्येक फ्यूजची जागा, अँपिअर आणि अर्थिंगचा बोल्ट कुठे आहे ते लिहून घेऊन तो कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.